मगदूम साहेबांचा एकच नारळ

मगदूम साहेबांना नारळाचं वावडं होतं. खायचं नव्हे, फोडायचं. रस्ता असो, पूल असो, शाळेची खोली असो, भूमिपूजन म्हटलं की मांडव पडायचा, हलगी वाजायची, पुढारी हार घालून उभे राहायचे, आणि आमचे हे उपअभियंता मांडवाकडे पाठ करून लांब कोपऱ्यात हातात टेप धरून उभे असायचे. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो, तेव्हा भाबडेपणाने जवळ जाऊन विचारलं, "काय मोजताय साहेब?"

"भाषण," ते मान न वळवता म्हणाले. "लई लांब गेलंय."

माणूस जयसिंगपूरकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, कपाळावर विभूतीची तीन बोटं, आणि आवाज असा की फोनवर बोलताना पलीकडच्याला फोनची गरज पडू नये. राग आला की ते कानडीत शिरायचे. "मराठीत शिव्या दिल्या की लोकं मनाला लावून घेत्यात," असं त्यांचं म्हणणं. माझं आडनाव शिंदे, पण मी कसबा बावड्याचा, म्हणून मला ते शेवटपर्यंत 'बावडेकर' म्हणत राहिले. मीही ते दुरुस्त करायचा नाद लवकरच सोडला.

त्यांचं तत्त्वज्ञान एका खड्ड्यात मावणारं होतं. "काम सुरू कवा हुतंय? खड्डा काढला की. नारळ फोडून पूल उभा ऱ्हायला असता तर मी इंजिनिअरिंगला कशाला गेलो असतो, नारळाचं दुकानच टाकलं असतं की." नारळ फोडायचाच असेल तर काम संपल्यावर फोडा, चटणीला तरी उपयोगी पडेल, असं ते पुढाऱ्यांच्या तोंडावर सांगत. सत्कारात शाल-श्रीफळ मिळालं तर शाल ठेवून घेत आणि श्रीफळ परत देत. पुढारी हसून घेत. असल्या हसण्याची नोंद कुठे होत असते ते आम्हाला नंतर कळलं.

मग ते मंदीचं वर्ष आलं. महामारी ओसरली होती, पण शिरोलीच्या फाउंड्र्या एका पाळीवर चालत होत्या. मंदीवर टीव्हीत तासन्‌तास चर्चा चालायची. साहेबांची व्याख्या एका ओळीची: "मुकादमाचा फोन दिवसभर वाजला न्हाई की समजायचं, मंदी आली."

बिद्रीच्या पलीकडे आमच्या हद्दीत ओढ्यापल्याड एक लहानशी वाडी होती. तिथली तरणी पोरं फाउंड्रीत कामाला होती, ती एकेक करून घरी परतली होती. आता वाडीत पैसा यायचा तो फक्त दुधाचा. आणि आषाढात ओढा भरला की दूध अलीकडे येईना. डेअरीची गाडी ओढ्याच्या या काठाला उभी, दुधाचे कॅन त्या काठाला, आणि मधून पाणी. वाडीच्या दूध संस्थेचं काम अक्काताई बघायची. पन्नाशीची, काटक बाई. तिचे दोन्ही मुलगे घरी बसले होते. ती साहेबांना म्हणाली होती, "साहेब, गेल्या साली पगार यायचा, म्हणून दूध ओतून दिलं तरी चाललं. औंदा ओतलं तर खायाचं काय?"

त्या ओढ्यावर साकव मंजूर होता. साकव म्हणजे माणसं आणि जनावरं जातील एवढा लहान पूल. नकाशा तयार, ठेकेदार ठरलेला. तेवढ्यात मुंबईहून साहेबांच्या एका बॅचमेटचा फोन आला की राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे, कात्री येतेय. जी कामं सुरू आहेत ती पूर्ण करायची, जी सुरू झालेली नाहीत ती पुढच्या आदेशापर्यंत बंद.

आमचे वरिष्ठ शहाणे गृहस्थ. ते म्हणाले, "बरोबरच आहे मगदूम. घरात आवक घटली की आपण खर्च आवरतोच ना?"

"सर, घर येगळं आणि सरकार येगळं," साहेब म्हणाले. "मी चहा सोडला तर टपरीवाला मरत न्हाई. सरकारनं सिमेंट सोडलं तर ट्रकवाला घरी, खडीवाला घरी, गवंडी घरी. त्यो गवंडी मग चहा सोडतोय. मग मरतोय की टपरीवाला!"

"पण पैसेच नाहीत तर आणायचे कुठून? राज्याला काय नोटा छापता येतात?"

"न्हाई येत. मान्य हाय. कापा की! पण कापताना बघा तर, काय कापताय. सुरू हाय ते ठेवा, सुरू न्हाई ते मारा, ही काय रीत झाली व्हय? त्यापरीस चिठ्ठ्या टाका."

हे ते कशाला बोलत होते हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. दादासाहेब नावाचे आमच्या भागाचे बडे पुढारी. त्यांच्या गावच्या वेशीवर एक स्वागत कमान निम्मी उभी होती. दोन हत्ती, मधे कळस. ती 'सुरू' होती, म्हणून मंदीतही पूर्ण होणार होती. साकव 'सुरू' नव्हता, म्हणून मरणार होता. मुंबईत बसून आदेश काढणाऱ्याला हत्ती दिसत नव्हते आणि ओढाही दिसत नव्हता. त्याच्या कागदावर दोन्ही कामंच होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जेसीबी काढला. त्याच्यापुढे आमची जीप. आदेश पोचायच्या आत प्रत्येक कामावर खड्डा पाडायचा. ना मांडव, ना हलगी. शाळेच्या दोन खोल्या, एक मोरी, एक पाण्याची टाकी, सगळीकडे खड्डे पडले. लोक धावत यायचे, "साहेब, नारळ?" साहेब जीपमधूनच ओरडायचे, "खड्डा भरा म्हणाय कोण आलं तर मला सांगा!"

वाडीवर मात्र आम्ही अडकलो. सरपंच हात जोडून आडवे उभे राहिले. "दादासाहेबांनी भूमिपूजनाला शुक्रवार दिलाय. उद्या अमावस्या. डिजिटल फलक छापून आलाय, त्यावर आमचा पण फोटो हाय."

"सरपंच, आज खड्डा काढू, शुक्रवारी नारळ फोडा. दोन फोडा," साहेब म्हणाले. जन्मात त्यांनी एवढी मोठी सवलत कुणाला दिली नव्हती.

"नारळाआधी खड्डा? साहेब, दादासाहेब वाडीकडं परत बघणार न्हाईत."

जमलेल्या माणसांनीही मान हलवली. अपशकुन तो अपशकुन. साहेब कानडीत काहीतरी लांबलचक बोलले आणि जीपमध्ये बसले. जेसीबी वळला. आपल्याकडे काम बुडालं तरी चालतं, मान बुडता कामा नये.

गुरुवारी आदेश आला. साकव स्थगित झाला. आणि शुक्रवारी दादासाहेब आले! फलक होता, हलगी होती, माणसं जमली होती, आता परत कसं जायचं? त्यांनी स्थगित कामावर थाटात नारळ फोडला, राज्य सरकार विकासाला निधी कमी पडू देणार नाही असं सांगितलं आणि गाडीत बसले. साहेब कोपऱ्यात टेप धरून उभे होते. त्या दिवशी मी काय मोजताय ते विचारलं नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

गर्दी पांगली तशी अक्काताई आली. "साहेब, आता साकव हुईत न्हाई म्हंत्यात, खरं हाय?"

"खरं हाय अक्का. खड्डा न्हाई म्हणून."

"खड्डा?" तिने डोळे बारीक केले. "खड्डा हाय की. म्हशी बसत्यात त्यात."

ओढ्याच्या काठाला झाडीआड खरंच एक खड्डा होता. चौकोनी, पाण्याने भरलेला, आणि त्यात तीन म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या. चौकोनी खड्डा निसर्ग काढत नाही. साहेब धोतराचा सोगा धरावा तशी पँट वर धरून पळत सुटले. शेजारीच गवतात एक संगमरवरी कोनशिला पालथी पडलेली. उलटी केली तर साकवाचं नाव, तारीख, आणि दादासाहेबांचे हाडवैरी बापूसाहेब यांचं नाव मोठ्या अक्षरात. बापूसाहेबांनी निवडणुकीआधी नारळ फोडला होता, पायाचा खड्डा काढला होता आणि मग ते पडले होते. काम थांबलं. पुढे दादासाहेबांनी तेच काम स्वतःच्या नावाने नव्याने जाहीर केलं, आणि आमचं ऑफिससुद्धा जुना खड्डा विसरलं. आम्हा दोघांची तर तेव्हा तिथे बदलीही झाली नव्हती.

"मंजुरी तीच, जागा तीच," साहेब म्हणाले. "म्हंजे काम सुरूच हाय, बावडेकर! म्हशी उठीव."

म्हशी उठेनात. त्यांच्या पाठीवरून टेप टाकून आम्ही खड्डा मोजला. राज्याचं काटकसरीचं धोरण आणि वाडीचं दूध यांच्यामध्ये त्या तीन म्हशी होत्या, आणि त्या शेपूट हलवायलाही तयार नव्हत्या. माझे कपडे चिखलाने भरले. साहेब लहान पोरासारखे हसत होते.

हसू ऑफिसात आल्यावर थांबलं. अहवालात खड्ड्याचा फोटो चालला असता, पण त्याची तारीख कशी दाखवायची? कोनशिलेचा फोटो लावायलाच हवा. आणि कोनशिला लावली की बापूसाहेबांचा नारळ आधीचा ठरतो आणि दादासाहेबांचा खोटा. वरिष्ठ म्हणाले, "मगदूम, निवृत्तीला वर्ष उरलं नाही. जयसिंगपूरला घर बांधताय. कशाला?"

साहेबांनी अहवाल पुढे ओढला. "सर, जनमभर सांगत आलो, काम खड्ड्यानं सुरू हुतंय. आता खड्डा घावलाय तर त्यावर पांघरूण घालू?" त्यांनी सही केली. निधड्या छातीचे वगैरे नव्हते ते. घाबरले होते, आणि तरी सही केली होती.

अहवाल मान्य झाला. काम सुरू झालं. वाडीतली घरी बसलेली पोरंच गवंड्याच्या हाताखाली राबली, अक्काताईचे दोघेही. सरपंचांचा मुकादमाला दिवसातून दहादा फोन जायला लागला, तेव्हा साहेब म्हणाले, "बघ, मंदी उठली." स्लॅब टाकला त्याच आठवड्यात साहेबांची चंद्रपूरला बदली झाली. प्रशासकीय कारणास्तव.

निरोपाला शाल आली, श्रीफळ आलं. श्रीफळ त्यांनी रिवाजाप्रमाणे परत केलं. मग दारातून अक्काताई आत आली आणि पदराआडून तिनेही नारळच काढला.

"अक्का, तू पण?"

"फोडायला न्हाई दिला. काम झाल्यावर फोडा म्हणालासा न्हवं? तवर तुमच्यापाशी ठेवा."

साहेबांनी तो नारळ घेतला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मराठी येईना आणि कानडीही येईना. नारळ बॅगेत घालून ते चंद्रपूरला गेले.

साकव पावसाआधी पूर्ण झाला आणि लगेच बंद पडला. उद्घाटन कुणी करायचं यावर दादासाहेब आणि बापूसाहेब अडले, आणि मुहूर्त ठरेपर्यंत दोन्ही तोंडांना बांबू बांधले गेले. आषाढात ओढा फुगला तेव्हा साहेब रजा टाकून आले. मला म्हणाले, लेकीकडे आलोय. सकाळी आम्ही पुलावर गेलो तर अक्काताईने बांबू आधीच उपसून टाकले होते. तिचे मुलगे दुधाचे कॅन घेऊन साकवावरून येत होते, खाली तांबडं पाणी घोंगावत होतं. सगळे कॅन गाडीत चढेपर्यंत साहेब कठड्याला हात लावून उभे राहिले. मग बॅगेतून नारळ काढला आणि कठड्यावर हाणला. पाणी सुकून गेलं होतं, आत नुसतं खोबरं. ते त्यांनी सगळ्यांना वाटलं. एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकून म्हणाले, "झालं. आता काम संपलं." ते रडत होते आणि मीही रडत होतो, पावसामुळे दोघांचीही सोय झाली.

निवृत्तीनंतर साहेब फार जगले नाहीत. जयसिंगपूरच्या नव्या घरात हृदयविकाराचा झटका आला. घराची वास्तुशांत त्यांनी केलीच नव्हती, सरळ राहायला गेले होते. अजूनही कुणी मोठ्याने फोनवर बोलायला लागलं की मी वळून बघतो. ती सवय काही जात नाही.

यंदा दादासाहेब आणि बापूसाहेब एकाच पक्षात आले. भांडण मिटलं, तेव्हा साकवाचं उद्घाटन दोघांच्या हस्ते ठरलं. मांडव पडला. हलगी आली. मी कोपऱ्यात उभा होतो. दोघांनी मिळून एक नारळ धरला, तेवढ्यात पलीकडून अक्काताई डोक्यावर कॅन घेऊन साकवावर आली आणि थेट फितीसमोर थांबली.

"पावणं, जरा सरा की. दुधाची गाडी जाईल."

सरपंच ओशाळून म्हणाले, "अक्का, दोन मिंटं. नारळ फोडू दे."

"नारळ?" अक्काताई म्हणाली. "त्यो आमच्या साहेबांनी कवाच फोडलाय. आमी खोबरं पण खाल्लंय." आणि फीत कपाळाने बाजूला सारून ती निघून गेली.