वाडीचा रविवार चुकायचा नाही

शलमोनबाबा गेले त्याला महिना होत आला, पण जुन्नरला त्यांच्या अंगणात सांत्वनाला आलेला माणूस पाच मिनिटांत सांत्वन विसरतो आणि किस्सा सांगायला लागतो. एकाचा संपला की दुसरा सरसावतो, "हे कायच न्हाई राव, माजं ऐका." बाबांच्या पत्नी, आमच्या पाळकबाई, चहा करून करून दमल्या. माझं जुन्नरला मोटरसायकलचं गॅरेज आहे, आणि बाबांना मी वर्षानुवर्षं मागच्या सीटवर हिंडवलंय. त्यामुळे माझ्याकडे स्टॉक जरा जास्तच!

बाबा जुन्नरच्या चर्चचे पाळक, पण त्यांचा जीव अडकलेला पश्चिमेच्या डोंगरातल्या एका वाडीत. तिथे एका खोलीचं चर्च, ख्रिस्ती घरं चारच उरलेली, पोरं सगळी पुण्याला. चर्चची कमिटी म्हणायची, एक जरी रविवार उपासना बंद पडली तरी त्या खोलीला कुलूप लावून टाकू. बाबा म्हणायचे, "मग मी बंदच पडू देत नाही." बोलले आणि तसंच वागले.

•••

एकदा निरगुडसरला एका घरी प्रार्थना आटोपून आम्ही निघालो. दिवस मावळत आलेला. शिवारात बिबट्या दिसल्याची बोंब होती, आणि आमच्याकडे अशा वेळी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून चालतात. माझ्या मोबाईलची बॅटरी संपलेली, वर गाडी पंक्चर. गॅरेजवाल्याची गाडी पंक्चर, यावर बाबा आधी पोटभर हसले. मग मी गाडी ढकलायला लागलो आणि त्यांनी खड्या आवाजात भजन धरलं. त्यांचा सूर असा, की बिबट्याच काय, गाडी नसती तर मीही पळालो असतो.

उसाच्या कडेला एक बाई हातात टॉर्च घेऊन घुटमळत होती. कोण, कुठले, काही विचारलं नाही.

"बाबा, आनखी दोन कडवी म्हना. तवर मी मोटर बंद करून येते."

बाबांनी बांधावर उभं राहून अख्खं भजन पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. बाई आली, पदर खोचला आणि म्हणाली, "आता घरापत्तुर चला म्हनत."

•••

वाडीत हंगामाच्या सणाला लोक पहिलं पीक चर्चमध्ये आणतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. तांदूळ, नाचणी, भोपळे, काय असेल ते. एका वर्षी मार्थाआजींनी आपला लाडका कोंबडा आणला. लिलावात त्यांच्या पुतण्याने बोली लावली, तशी आजींनी स्वतःच चढी बोली लावली. पुतण्या वाढवतोय, आजी त्याच्या वर. मंडळी हैराण.

बाबांनी विचारलं, "आजी, देवाला दिलेलं परत घेता?"

"देवालाच दिलाय की. पन ह्यो मुडदा कापून खाईल त्याला."

बाबांनी क्षणभर डोळे मिटले. "कोंबडा आजींचा. आमेन." पुतण्या भोपळा घेऊन घरी गेला.

•••

पुढे बाबांचे गुडघे गेले. मंचरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता डोंगर चढायचा नाही." बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. रविवारी बघतो तर बाबा घरात नाहीत! पठ्ठ्या एसटीने वरच्या घाटरस्त्याला उतरून काठी टेकत खाली वाडीत पोचलेला.

पुढच्या तपासणीला डॉक्टर भडकले.

"तुम्ही चढायला मनाई केली होती," बाबा म्हणाले. "मी उतरलो."

"आणि परत वर कसे आलात?"

"वाडीतल्या लोकांनी डोलीत घालून आणलं. चढले ते."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विषय सोडला.

•••

बाबा गेले आणि लगेच रविवार आला. वाडीतली चारही घरं दुःखाला जुन्नरला आलेली. कमिटीने माझ्या हातात कुलूप दिलं, म्हणाले, वर जाऊन खोली बंद करून ये. स्पष्ट सांगतो, मला ते काम नको होतं. अख्ख्या वाटेवर डोळ्यांतलं पाणी खळेना. पण नाही कसं म्हणायचं तेही सुचलं नाही.

वाडीच्या खालीच होतो आणि चर्चची घंटा ऐकू आली. गाडी तिथेच टाकली आणि चढत गेलो.

दाराशी चपलांचा ढीग. आत पाय ठेवायला जागा नाही. बाया डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला, बाप्ये टोप्या काढून दुसऱ्या बाजूला. त्यांत आमच्या मंडळीतलं एकही माणूस नव्हतं. सगळे आजूबाजूचे भातवाले शेतकरी, घरी आपापले देव असलेले. पुढे बुधाजीमामा बसलेले. त्यांचं भातखाचर चर्चच्या भिंतीला लागून आहे.

"मामा, घंटा कुणी वाजवली?"

"म्या. एक आयतवार चुकला तर कुलूप लावत्यात, आसं बाबा सांगायचं. तुमची मानसं गेली जुन्नरला. मंग आमी येऊन बसलो."

"अहो, पण उपासना?"

"ती आमाला कुटं येती? बसायला येतंय, तेवडं बसलो."

मी उभ्या आयुष्यात चारचौघांत मोठ्याने प्रार्थनासुद्धा केलेली नाही. तसं मामांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातलं कुलूप घेतलं, बाहेर पायरीवर ठेवलं आणि परत जागेवर येऊन बसले.

"पायतान काडा अन् करा सुरू. मानसं खोळांबल्यात."