शेकाटे बिचकू नयेत म्हणून

फर्रर्र! ओली ताडपत्री झटकावी तसा तो आवाज. साठएक वर्षं झाली, अजून कानात आहे. मी तेव्हा लहान. मुर्धा गावच्या मिठागरात धावत बांधावर गेलो आणि सगळे शेकाटे एकदम उडाले. शेकाटे म्हणजे लाल काड्यांसारख्या पायांची पाखरं. बाप मीठ ओढता ओढता म्हणाला, "हलू चाल रं. पाखरू घाईला भितं."

एवढं एकच शहाणपण मी जन्मभर जपलं. आणि त्यानंच माझ्या नातीचा घात केला! ऐका, पण हसू नका. हसलात तरी चालेल म्हणा. मला मात्र रडण्यापलीकडे काही सुचत नाही.

नात म्हणजे मनाली. पक्षी मोजायचं काम मिळत होतं तिला, तिच्या मनातलं काम. अट एकच. उडत्या पक्ष्यांचे स्वच्छ फोटो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचे. दुधीभोपळ्याएवढी लेन्स तिनं एका दिवसापुरती भाड्यानं आणली. पाखरं कुठे बसतात ते मला ठाऊक, म्हणून उजाडताच मला स्कूटरवर बसवून त्याच मिठागरात गेली.

कॅमेरा स्टँडवर चढवला आणि मला शिकवू लागली.

"आबा, हे चाक बघ. इथे दोन हजार ठेवलंय. म्हणजे एका सेकंदाचे दोन हजार तुकडे, त्यातल्या एका तुकड्यात फोटो. उजेडाचं कॅमेरा आपलं आपण बघून घेतो."

"एवरी घाई कशाला गो?"

"मग? पाखरू माझ्यासाठी पोज देऊन थांबतंय का?"

तिनं बटण दाबून पाहिलं. कटकटकटकट! जवळच्या शेकाट्यानं मान वर केली. म्हटलं, आता उडतंय!

मनाली पाण्याची बाटली आणायला स्कूटरकडे गेली. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी चौथी शिकलेला, पण आकडे कळतात. दोन हजारांच्या घाईनं खटखटणाऱ्या यंत्रापुढे पाखरू टिकेल का? मी चाक उलटं फिरवत गेलो. हजार… पाचशे… शंभर… तीस. म्हटलं, आता कसं, माणसासारखं चालेल!

ती परत आली, डोळा लावून बसली. तेवढ्यात बांधावरून एक कुत्रं धावत आलं आणि अख्खा थवा उठला! मनालीनं बोट काढलंच नाही. मी उड्या मारायचा तेवढा राहिलो. "शाब्बास, बाय! घे, घे, समदे घे!"

थवा खाडीपार गेला. तिनं फोटो उघडले. एकही पाखरू नाही हो! नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघोट्या, ओल्या रंगावरून फडकं फिरवल्यासारख्या.

तिनं लेन्सवाल्याला फोन लावला. "भैया, आपकी लेन्स खराब है! सब फोटो हिले हुए!"

मलाही चेव आला. "सांग त्याला, सडकी हाय लेन्स! फसवलंन आपल्याला!"

"आबा, थांब जरा!"

पलीकडचा शांतपणे म्हणाला, "मॅडम, शटर कितना रखा है?"

"दो हजार! मैं क्या नयी हूँ?"

"एक बार देख तो लो."

तिनं पाहिलं. फोन हळूच खाली आला. मनालीनं माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं.

"आबा, तू हात लावलास?"

"थोरा हलू केला, बाय. पाखरं बिचकतील म्हणून."

ती मटकन बांधावर बसली. म्हणाली, "आज परत येतील का रे?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण जन्म मिठागरात गेला, पाखरांबद्दल खोटं कसं बोलू? "न्हाय गो. कुत्र्यानं उठवलं का दोन दिस इकडं फिरकत न्हाईत."

तिचे डोळे भरले. काहीतरी बोलून पोरीला धीर द्यायलाच हवा, नाही का? मी कॅमेरा हातात घेतला, एकेक फोटो सरकवत गेलो. रेघोट्या, रेघोट्या, रेघोट्या… आणि मागे नवा टॉवर बांधतायत ना, तो दिसला!

"मनाली, बघ, बघ! वाया न्हाय गेलं! टॉवरची क्रेन बघ कशी साफ आलीय! तिची एकेक तार मोजून घे!"

तिनं माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला, स्टँड मिटवला, लेन्स छातीशी धरली आणि बांधावरून निघून गेली.