मायेचा पत्ता नाही

मॅडम गाडी चालवायला शिकवायच्या. शहरातली निम्मी वाहतूक त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि उरलेल्या निम्मीला शिस्त का नाही याचं कारण ती तशी गेली नाही हेच, असं त्या स्वतःच सांगत. चढावर गाडी बंद पडून मागे सरकू लागली, शेजारचा शिकाऊ देवाचा धावा करू लागला, तरी मॅडमचा आवाज चढत नसे. नियम एकच: शिकवणाऱ्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एकदा हात लावला की समोरचा जन्मभर शिकत नाही.

अशा बाईंना मुलगी झाली. मूल झाल्यावर काय होतं, हे सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पाहिल्याबरोबर ऊर भरून येतो, दुखणं कुठल्या कुठे पळतं, जगाचा विसर पडतो. सांगणाऱ्यांत बिनलग्नाचे काका आघाडीवर. मॅडमनी बाळाकडे पाहिलं. लालभडक, सुरकुतलेलं, मुठी आवळून कोणावर तरी रुसलेलं. बाळानेही त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं. ऊर काही भरून आला नाही. टाके दुखत होते, ते दुखतच राहिले. एक झोप काढली की माया लागेल, म्हणून त्या झोपल्या. उठल्यावर फक्त भूक लागली होती.

घरी आल्यावर बघायला येणारा प्रत्येक जण विचारी, "मग? कसं वाटतंय?"

"खूप छान," मॅडम म्हणत.

गाडी जमत नसलेल्याला तोंडावर 'तुम्ही आपले बसने जा' म्हणणारी ही बाई आता दिवसातून चारदा खोटं बोलत होती. मनातून त्या पुरत्या घाबरल्या होत्या. आपल्यात काहीतरी बसवायचंच राहून गेलंय, आणि ते एक दिवस सगळ्यांना कळणार. सगळ्यांचं एक वेळ चाललं असतं, पण त्या पोरीलाही कळणार.

मग त्यांनी जे येत होतं तेच केलं. शिकवायला घेतलं. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत त्याचं मशीन. तो बाळाला हातात घ्यायचा ते काचेचा हंडा धरल्यासारखा. मॅडम दोन हात लांब बसून सांगत, "मानेखाली हात. आता उचल. घाबरू नकोस, घाबरलास की तिला कळतं." सासूबाईंनी दोन पोरं वाढवलेली, तरी ढेकर काढण्याचा धडा त्यांनाही मिळाला. त्यांनी तो मुकाट्याने ऐकून घेतला आणि केलं मात्र आपल्याच पद्धतीनं. पाजणं तेवढं दुसऱ्याला शिकवता येईना, म्हणून ते मॅडम स्वतः करत, वेळच्या वेळी, तक्रारीला जागा न ठेवता. दीड महिन्यात घर तरबेज झालं. पाजणं सोडलं तर मुलीला आईची गरजच उरली नाही, आणि मॅडमना वाटलं, चला, निदान पोरीचं अडणार तरी नाही.

एका दुपारी शेजारच्या काकू उसवलेली पिशवी घेऊन आल्या. काकू म्हणजे बोलण्याला पूर्णविराम नाही. पिशवी मशीनवर टाकली आणि न विचारता पाळण्यातून पोरीला उचललं.

"अगंबाई, हसली! बघा, बघा, माझ्याकडे बघून हसली!"

खरंच हसली होती. झोपेतलं ओठ हलवणं नव्हे. डोळ्यांत डोळे घालून, तोंडभर, बिनदाताचं. नवरा मशीन सोडून धावला, सासूबाई आतून आल्या. पहिलं हसू. आणि ते कोणाला? रात्रंदिवस पाजणारीला नाही, पिशवी शिवायला आलेल्या बाईला!

मॅडम उठून पुढे आल्या. इतके दिवस मायेची वाट पाहिली आणि दारात आला तो मत्सर, तोही सवतीला शोभेल असा.

"द्या इकडे."

"अगं, पण हसतेय ती चांगली..."

"माझी आहे ती. द्या!" आवाज चांगलाच चढला होता. मॅडमनी पोरीला काकूंच्या हातातून अक्षरशः काढून घेतलं. पोरीने तत्क्षणी भोकाड पसरलं.

"आम्ही काय पळवून नेत होतो?" म्हणत काकू पिशवी न घेताच गेल्या. सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं, "उजाडलं म्हणायचं एकदाचं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवरा हात पुढे करून उभा होता. "दे, मी गप्प करतो. तूच शिकवलंस ना."

"नको."

"अगं, रडतेय ती."

"मला वाटायचं, मला हिचं काही वाटतच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते. "कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही."

"आणि आता?"

"आता नुसता जळफळाट होतोय."

पोरीचा आवाज टिपेला पोहोचला होता. न राहवून त्याने पुन्हा हात पुढे केले.

"हसू दे तिला काकूंकडे," मॅडम म्हणाल्या. "रडू दे माझ्याकडे." आणि त्या वळून खोलीत फेऱ्या मारू लागल्या. पोरगी बराच वेळ गप्प झाली नाही. त्यांनीही तिला खाली ठेवलं नाही.