उस्ता वनीसचा चौथा व्हॉल्व्ह

रिफअत तारऑफिसात कारकून होता, त्यामुळे त्याला विजेतलं सगळं कळतं असा अख्ख्या इस्ना गावाचा समज होता. दुर्दैवाने त्याचाही होता. म्हणूनच होणारे सासरे हाज मुतवल्ली लक्सरच्या गुरांच्या बाजाराला जाताना आपला लाडका बॅटरीचा रेडिओ त्याच्या हातात ठेवून गेले. "नव्या बॅटऱ्या घालून ठेव. हा सांभाळलास तर मुलगीही सांभाळशील."

बॅटऱ्या दोन. छोटी दीड व्होल्टची, रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हमधल्या तारा तापवायला. दुसरी विटेएवढी, नव्वदची. बाजारातल्या माणसाने दोन्हींना एकाच लाल वायरीचे तुकडे डागून दिलेले. रिफअतने त्या आत्मविश्वासाने जोडल्या. चारही व्हॉल्व्ह लग्नाच्या मांडवासारखे लखकन उजळले आणि कायमचे विझले.

हाज तिसऱ्या प्रहरच्या गाडीने परतणार होते. रिफअत रेडिओ काखेत मारून उस्ता वनीसच्या दुकानी धावला.

उस्ता तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करत होता. शब्द तो कथिलासारखे वापरी. सांधा धरेल एवढेच. गिऱ्हाइकाला तो एकच प्रश्न विचारी, "काय केलंस?" "काहीच नाही" म्हणणाऱ्याचा रेडिओ वरच्या फळीवर जाई. फळीवर सध्या अकरा होते. एक खुद्द उमद्याचा, म्हणजे गावच्या पाटलाचा, गेल्या वर्षीच्या कापूसवेचणीपासून.

"काय केलंस?"

"काहीच नाही, उस्ता. आपोआप गेला."

उस्ताने मागचं झाकण काढलं, वास घेतला, एकेक व्हॉल्व्ह उपसून मीटरला लावला. काटा चारही वेळा झोपलेलाच.

"एक म्हातारपणाने जातो," तो म्हणाला. "चार भाऊ एकाच दिवशी गेले, तर अफंदीसाहेब, घरात आधी विष शोधतात."

आणि रेडिओ उचलून फळीकडे वळला.

"थांबा, उस्ता! मोठी बॅटरी छोटीच्या जागी लावली. मीच लावली. या हातांनी!"

"अस्सं," म्हणून उस्ता परत बसला.

तीन व्हॉल्व्ह खणात कापसात गुंडाळलेले निघाले. चौथा इस्नात विकत मिळणारा नव्हता. उस्ताने गल्ल्याशेजारचा स्वतःचा रेडिओ उघडला. विधुर झाल्यापासून संध्याकाळी त्याच्याशी बोलणारं तेवढंच काय ते होतं. त्यातला चौथा काढून त्याने हाजच्या रेडिओत बसवला. मोठ्या बॅटरीच्या वायरीला गाठ मारली, "गाठवाली मोठी" एवढं सांगितलं आणि कळ फिरवली. कैरो खाकरलं, मग बोलू लागलं.

रिफअतच्या जिवात जीव आला, आणि त्याबरोबर धीटपणाही. "उस्ता, हाजना तेवढं सांगाल का, की व्हॉल्व्ह जुने झाले होते म्हणून? तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत."

उस्ताने टोपी घातली, दुकानाला कुलूप लावलं, रेडिओ आपल्याच काखेत धरला आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागला. रिफअत मागोमाग. गाडीची शिट्टी ऐकू आली, फलाटावर उतरणारे हाज दिसले, तरी रेडिओ काही रिफअतच्या हाती येईना. विषय बदलावा म्हणून त्याने काळजीच्या सुरात विचारलं,

"पण उस्ता, तुमचा रेडिओ तर मुका झाला. आज तुम्ही ऐकणार काय?"

"तू सासऱ्याला खरं सांगशील, ते."