मेंढरांमागची लाल गाडी

आदरणीय महादेव आप्पांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात माझ्यासारख्यानं लिहावं, हे मला स्वतःलाच खरं वाटत नाही. शाळेशी माझं फारसं जमलं नाही आणि एका गावात माझा पाय ठरत नाही. पण आप्पा भेटले तेही या भटकण्यामुळेच. वाईकडची हळद घेऊन निघालेल्या टेंपोवर क्लीनर म्हणून मी सांगलीला चाललो होतो. उंब्रजजवळ इंजिनातून वाफ निघायला लागली. मी उतरून रेडिएटरचं झाकण उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी कॉलर धरून मला बाजूला ओढलं.

"तोंड भाजून घ्यायचंय व्हय रं? निवू दे तिला. तू बी जरा निव."

ते आप्पा. त्यांनी आम्हाला चहा पाजला, फुटलेली नळी बदलून दिली. टेंपो सांगलीला गेला आणि मी त्यांच्या गॅरेजात राहिलो. अजूनही मधूनच कुठंतरी निघून जातो. परत आलो की आप्पा "कुठं व्हतास?" विचारत नाहीत, "जेवलास का?" विचारतात.

आप्पा मूळचे वडूजकडच्या मेंढपाळ घरातले. लष्करात गाड्यांचं काम शिकले आणि निवृत्तीनंतर हायवेला गॅरेज टाकलं. नम्र वगैरे ते मुळीच नाहीत. "माझ्या हातची गाडी तापली तर मिशी काढीन," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात. त्या मिशीवर एक वेगळा लेख होईल, तिला लावायचं तेल ते घरीच करतात आणि त्यात काय काय घालतात ते... पण असो, गाडीकडे येतो.

कोरेगावकडचे, फौजेतले हवालदार संपतराव दर सुट्टीला येऊन आप्पांबरोबर एक लाल स्पोर्ट्स कार बांधत होते. बसकी, दोन माणसांची, इंजिन पाठीमागं आणि रेडिएटर पुढं नाकात. निवृत्त होऊन गावी येतील तेव्हा मिरवणूक याच गाडीतून निघायची होती. त्यांच्या आई हौसाक्कांना गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं. लेकाशेजारी बसून वेशीपासून देवळापर्यंत जायचं, एवढं एकच त्यांनी मागितलं होतं. आप्पांनी त्यांना शब्द दिला होता, "आक्का, तुमाला मधी उतरू देत न्हाई."

हायवेवर गाडी सुसाट पळाली, इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा जागचा हलला नाही. आम्ही सगळे खूश. आप्पा मात्र म्हणाले, "पळताना वाराच गार करतोय तिला. मिरवणूक चालत जाती. तवा वारा कुठला?"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती गाडी वडूजच्या रस्त्यावर, आप्पांच्या धाकट्या भावाच्या मेंढरांमागं! बिरूतात्या हसून बेजार. "आरं दादा, एवढी पळणारी गाडी केलीस आन् मेंढरं राखायला आणलीस व्हय?"

"तू मेंढरं बघ, मी काटा बघतो."

काटा चढत गेला. दुपारच्या आत गाडी उकळली आणि मेंढरं वाफेला बुजून शेतात शिरली. तात्या आता हसत नव्हते.

आप्पांनी गाडीचं नाक जॅकवर उचललं आणि रेडिएटरच्या वरच्या टोकाला असलेला छोटा स्क्रू सैल केला. लांब नळ्यांत अडकलेली हवा फुसफुसत बाहेर आली. तेवढ्यानं भागलं नाही. पंख्याचा वारा रेडिएटरच्या कडेनं निसटत होता, तिथं पत्रा ठोकून फटी बंद केल्या. मग त्यांनी बॉनेटवर खडूनं रेघा मारल्या. संपतराव आडवे आले.

"आवं आप्पा, परवाच रंग दिलाय!"

"नाकानं घेतलेला वारा सोडायचा कुठनं? सांगा. रंग परत देता येतोय, हवालदार."

बॉनेटला खाचा पडल्या. त्या दिवसापासून मेंढरं रोज गाडीपुढं. मेंढरं थांबली की गाडी थांबायची. काटा मधोमध टिकायला लागला, तरी आप्पा आणखी थोडे दिवस मेंढरांमागं गेलेच.

मिरवणुकीला सारं गाव लोटलं. आप्पा गाडीत बसले नाहीत. पुढं चालत होते, कान मागं ठेवून. चौकात बँडवाल्यांना असा जोर चढला की गाडी जागच्या जागी उभी राहिली. ऊन रणरणतं. काटा जरा वर सरकला. हौसाक्कांनी लेकाचा हात धरला, "उतरायचं का रं आता?"

आप्पा वळून बॉनेटवर वाकले. त्याच वेळी पंखा आपोआप सुरू झाला. खाचांमधून गरम वारा भस्सकन वर आला आणि बॉनेटवर साठलेला सगळा गुलाल आप्पांच्या तोंडावर.

हौसाक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "आवं आप्पा, मिशी लाल झाली की!"

"हू द्या, आक्का. जाग्यावर हाय न्हवं!"

काटा खाली आला. हौसाक्का देवळापर्यंत गाडीतूनच गेल्या. मी पुष्कळ गावं हिंडलो, पण कुणी विचारलं की आप्पांच्या गॅरेजातला आहे असंच सांगतो, आणि छाती काढून सांगतो.

आप्पांना भरपूर आयुष्य मिळो. त्यांचा काटा कायम मधोमध राहो, आणि मी कधीही परतलो तरी "जेवलास का?" विचारायला ती मिशी गॅरेजच्या दारात असो.