आशीर्वादातली दुसरी वेलांटी

छापखान्यात त्यांना सगळे 'शुद्धिपत्र' म्हणत. पाठीमागे म्हणत, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तोंडावरच म्हणत, आणि त्यांना तो बहुमान वाटे. एकतीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी मान वाकवून ते प्रूफं तपासत होते. पाठ्यपुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, लग्नपत्रिका, शोकपत्रं. दुसऱ्यांच्या सुखदुःखातले काने-मात्रे जागच्या जागी बसवण्यात त्यांची हयात गेली. एकदा एक बाई नवऱ्याच्या निधनाचं पत्रक छापायला घेऊन आली आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं. शुद्धिपत्रांनी लगेच आपली खुर्ची तिला दिली, पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, "बाई, 'दुःखद'मधला विसर्ग राहिलाय." त्यांना माणुसकी नव्हती, असं कोण म्हणेल?

घरी दोन खोल्या, बायको आणि एक मुलगी. बायको शिलाईचं काम करायची. लग्नानंतर पहिल्यांदा ती आठ दिवस आईकडे गेली, तेव्हा तिने चार ओळींचं पत्र पाठवलं होतं. नवऱ्याने त्यातल्या नऊ चुका लाल शाईने दुरुस्त करून ते उलट टपाली परत धाडलं. त्यानंतर बाईंनी जन्मात त्यांना एक ओळ लिहिली नाही. शुद्धिपत्र मित्रांना कौतुकाने सांगत, "एकदाच समजावलं. पुन्हा एक चूक नाही!"

मुलगी लहानपणी गुडघा फोडून घेऊन "बाबा, मी पडली" म्हणत यायची. आधी ते तिच्याकडून "पडले" म्हणवून घेत, मग गुडघ्यावर फुंकर. अशा संस्कारांत वाढलेली मुलगी शिकून नर्स झाली आणि तिने एका दिवसाच्या प्रवासाइतक्या लांबच्या हॉस्पिटलात नोकरी धरली, यात नवल ते काय.

दोन वर्षांनी तिचं पत्र आलं.

"प्रिय बाबा, मी लग्न ठरवलं आहे. तो माझ्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. आपली भाषा त्याला नीट येत नाही, पण शिकतो आहे. तुम्ही दोघं नक्की या. मला तुमचा आशिर्वाद हवा आहे."

शुद्धिपत्रांनी पत्र दोनदा वाचलं. अशा वेळी कुणी पाणी पितं, कुणी डोळे पुसतं. यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. एक-दोन ठिकाणी विरामचिन्हं सुधारली, समासात 'आशीर्वाद : दुसरी वेलांटी' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पत्र टाकलं पेटीत. मुलीने आशीर्वाद मागितला होता. बापाने तो शुद्ध करून पाठवला.

तीन आठवड्यांनी लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर फक्त आईचं नाव. शुद्धिपत्रांनी सवयीने ती वरून खाली वाचली, मग खालून वर. एकही चूक नव्हती. तिसऱ्यांदा वाचताना ते थांबले. मुलीच्या नावाखाली आईचं नाव होतं, वडिलांचं नव्हतं. त्यांच्या धंद्यात गाळलेला मजकूर ही सगळ्यांत वाईट चूक. चुकीचं अक्षर डोळ्याला टोचतं. नसलेलं टोचत नाही.

"यात तुझं एकटीचंच नाव आहे," ते बायकोला म्हणाले.

"वाचलं मी." ती पिशवीत कपडे भरत होती.

"राहून गेलं असेल. हल्लीचे छापखाने म्हणजे..."

"राहिलेलं नाही. मी फोन करून विचारलं. ती म्हणाली, बाबांनी येणार की नाही ते कळवलंच नाही, फक्त माझं शुद्धलेखन कळवलं."

"मग मी काय लिहायला हवं होतं?"

"अहो, 'येतो' लिहायचं. त्यात वेलांटीसुद्धा नाही!"

आणि ती दुपारच्या बसने निघून गेली.

लग्नाला तीन दिवस होते. शुद्धिपत्र छापखान्यात गेले आणि त्यांनी मुलीला पत्र लिहायला घेतलं. सहा कागद फाडले. सातवा कागद त्यांनी अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुन्या कंपोझिटरला दाखवला. पहिलीच ओळ होती, 'विषय : आपल्या विवाहास उपस्थित राहण्याबाबत'.

कंपोझिटरने चष्मा वर केला. "हे कुठल्या खात्याकडून आलंय?"

"मुलीला लिहिलंय मी."

कंपोझिटरने कागदाची घडी घालून तो परत दिला. "असं करा, बसने जा," तो म्हणाला. "टपालाच्या आधी पोचाल. आणि तिथे फार बोलू नका."

हा सल्ला पचायला त्यांना दोन दिवस लागले. ते मुलीच्या घरी पोचले तेव्हा सकाळचं लग्न होऊन दुपार झाली होती. दार नवऱ्या मुलानेच उघडलं. उंच, किडकिडीत, कपाळावर घाम. त्याने फोटोवरून सासऱ्यांना ओळखलं आणि आत तोंड करून ओरडला, "बाबा आली!" मग त्यांचा हात धरून म्हणाला, "तू किती उशीर झाली! ये, बस. भूक लागला असेल."

एका दमात पाच चुका. बायको खुर्चीतून बघत होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. शुद्धिपत्रांचे ओठ हलले, कपाळावरची शीर ताठ झाली. सगळे वाट बघत होते.

"हो," ते म्हणाले. "फार भूक लागला."

प्रवासाच्या शिणाने जीभ घसरली, असं त्यांनी नंतर छापखान्यात शपथेवर सांगितलं.

मुलगी काही गळ्यात वगैरे पडली नाही. "हात धुवा," एवढंच म्हणाली आणि ताट वाढलं. संध्याकाळी गॅलरीत ती त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"पत्र परत का पाठवलंत? मला वाटलं, तुम्हाला राग आला."

"राग कुठला? काय लिहावं ते सुचेना. मग जे येतं ते केलं."

"तीस वर्षं आईशीही जे येतं तेच करत आलात."

त्यांनी खिशातल्या लाल पेनाचं टोपण घट्ट बसवलं. मग ती म्हणाली, "उद्या जाऊ नका. रविवारपर्यंत मला सुट्टी आहे."

ते राहिले. जावयाने त्यांच्याकडे रोज अर्धा तास शिकायचं ठरवलं आणि तिसऱ्या दिवशी "बाबा चांगली माणूस, पण शिकवणं नको" असं सांगून शिकवणी बंद केली. त्यापेक्षा सासूबाईंशी गप्पा मारून त्याची भाषा भराभर सुधारली, म्हणजे चुका तेवढ्याच, पण वेग दुप्पट. आपली बायको इतकी हसते, हे शुद्धिपत्रांना त्या घरात कळलं.

मान वाकवून वाकवून त्यांचा उजवा खांदा कायम दुखायचा. शनिवारी जावई त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला, एक्स-रे काढला आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"सगळं बरोबर. आत काहीच बिघडली नाही."

शुद्धिपत्रांनी ती काळी-पांढरी हाडं खालून वर, वरून खाली तपासली. मग बरोबर आलेल्या मुलीकडे वळून हळू आवाजात विचारलं, "याला हे नीट कळतं ना?"

"यात तो चुकत नाही, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं लावू लागली, कारण दुखरा हात त्यांना वर नेता येत नव्हता.