नावाड्याचं पुढे काय झालं

सांगलीत आमच्या कोपऱ्यावर भेळेचा गाडा होता. भेळ घेतली की मला भेळेपेक्षा कागदाची घाई असायची. शेवटचे चुरमुरे झटकायचे आणि कागदावर जे काही छापलेलं असेल ते वाचून काढायचं. कागद हमखास नको तिथे फाटलेला असे. विहिरीत उतरलेला माणूस वर आला तेव्हा त्याच्या हातात काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आई म्हणायची, "तुला नसत्या चौकशा फार." ते खरंच आहे, आणि वयानुसार त्यात काही फरक पडलेला नाही.

ही खोड घेऊनच मी मास्टर्ससाठी जर्मनीत कोलोनला आले. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं आणि आमचा अभ्यासक्रम इंग्रजीत असल्यामुळे वर्गात जगभरातली मुलं होती. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला तिथे वोनहाइम म्हणतात. आमच्या वोनहाइममध्ये अख्ख्या मजल्याला मिळून एक स्वयंपाकघर होतं, आणि माझ्या शेजारच्या खोलीत एक चिनी मुलगी राहायची. माझ्यापेक्षा लहान, केस कानाशी कापलेले, हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. उन्हाळ्यातसुद्धा ती गरम पाणीच प्यायची. जर्मन मुलं तिच्याकडे बघत राहायची, पण सर्दी झाली की गरम पाणी प्या म्हणणाऱ्या घरात मी वाढले होते, त्यामुळे मला ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली. तिच्याकडे वयाने मोठ्या मुलीला नुसतं नावाने हाक मारत नाहीत. पहिल्याच आठवड्यात तिने विचारून घेतलं की मोठ्या बहिणीला माझ्या भाषेत काय म्हणतात. तेव्हापासून मी तिची "थाई" झाले. ताई म्हणायला तिची जीभ वळेना, आणि मीही नाद सोडून दिला.

तिची अडचण साधी आणि भयंकर होती. तिला प्रवेश मिळाला होता तो अटीवर. सेमिस्टर संपायच्या आत इंग्रजीच्या परीक्षेत ठरलेले गुण आणून दाखवायचे, नाहीतर नाव कमी. नाव कमी झालं की परदेशी लोकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरआम्टमध्ये, व्हिसा वाढवून मिळणार नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे गाशा गुंडाळायचा. एकदा ती परीक्षा देऊन बसली होती आणि बोलण्याच्या भागात पार आपटली होती. आता एकच संधी उरली होती.

"थाई, तुझं इंग्रजी चांगलं," ती म्हणाली. "माझा सराव घे."

मी मराठी शाळेतली. माझं इंग्रजी म्हणजे गाईडमधून घासून घासून चकचकीत केलेलं. पण कुणी आपल्याला हुशार समजत असेल तर त्याचा गैरसमज दूर करायची घाई मी कधी केलेली नाही. संध्याकाळी जेवणं उरकली की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागलो.

पहिल्याच आठवड्यात मी चाट पडले. व्याकरणाचे नियम तिला माझ्यापेक्षा चोख येत होते. कोणताही काळ सांगा, ती त्याचा तक्ता मांडून दाखवायची. शब्द तर तिने एका जाडजूड पुस्तकातून अक्षरांच्या क्रमाने, मोठमोठ्याने घोकलेले. त्याग, तिरस्कार, तात्पुरती तहकुबी, सगळ्याला तिच्याजवळ इंग्रजी शब्द तयार. पण हातातल्या झाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. ते मलाही माहीत नव्हतं, म्हणून आम्ही दोघींनी तो विषय सोडला. बोलताना मात्र तिच्या तोंडून दोन वाक्यांपलीकडे काही निघत नसे, आणि बाईला ती बिनदिक्कत "तो" म्हणायची.

खरी मजा उताऱ्यांची होती. उतारा समोर आला की ती तो वाचायचीच नाही. आधी खालचे प्रश्न वाचायची, प्रश्नातल्या मोठ्या शब्दाखाली रेघ मारायची, मग तोच शब्द किंवा त्याचा भाऊबंद उताऱ्यात शोधायची, त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलायची. तांदळातले खडे निवडावेत तसं तिचं बोट सरसर फिरायचं. बहुतेक उत्तरं बरोबर यायची.

एकदा उतारा होता एका म्हाताऱ्या नावाड्याचा. वर्षानुवर्षं तो गावकऱ्यांना नदीपार नेत असतो. मग नदीवर पूल होतो. पुलाचं उद्घाटन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी तो उठतो, होडी सोडतो आणि पलीकडच्या काठाकडे निघतो. उतारा तिथेच संपला होता. तिने सगळी उत्तरं लिहिली, सगळी बरोबर.

"मग? पलीकडे कुणी आलं असेल का गं?" मी विचारलं.

"कुठे पलीकडे?"

"नदीच्या. नावाडी गेला ना."

तिने उताऱ्याकडे पाहिलं, प्रश्नांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते विचारलेलं नाही."

मला हसू आवरेना. एवढं सगळं बरोबर लिहिलं, आणि गोष्ट कुणाची आहे ते तिच्या गावीही नव्हतं. तिने शांतपणे समजावून सांगितलं. तिच्या शाळेत वर्ग भरगच्च, परीक्षेला वेळ तुटपुंजा. गोष्टीत रमणारा मागे राहतो. विचारलं तेवढंच वाचायचं, विचारलं तेवढंच सांगायचं. ऐकताना मला तिचं कौतुकही वाटलं आणि भीतीही. भेळेचा कागद असा प्रश्नांपुरता वाचायची मी कल्पनाच करू शकत नव्हते.

पण बोलण्याच्या भागात ती का अडते ते मला तेव्हा उमगलं. ती विचारल्याइतकंच बोलायची आणि थांबायची. मग मी नवा नियम काढला. प्रत्येक उताऱ्यानंतर, पुढे काय झालं, ते तिने मला इंग्रजीत सांगायचं. मनाने रचून. तिला तो नियम मुळीच आवडला नाही. चार दिवस तिने कसंबसं सहन केलं. "तो घरी गेला," "ती आनंदी झाली," असली उत्तरं माझ्या तोंडावर फेकली. पाचव्या दिवशी मी पुन्हा त्या नावाड्याचं काढलं, कारण तो माझ्या डोक्यातून जात नव्हता.

"तो कुणीच नाही!" ती एकदम ओरडली. "तो कागदावरचा माणूस आहे. तुला गोष्टी सुचतात, थाई, कारण तुझा व्हिसा पक्का आहे. मला झोपेतसुद्धा तारीख दिसते."

मीही काही कमी तापट नाही. "मग राहू दे. रेघा मार तुझ्या तूच," असं म्हणून मी माझा कुकर उचलला आणि खोलीत निघून आले. पुढचे काही दिवस आम्ही एकमेकींची भांडी बाजूला सारत मुकाट्याने स्वयंपाक केला. मला फार वाईट वाटत होतं, पण आधी कोण बोलणार हा प्रश्न होता.

आधी तीच बोलली. एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. थर्मास घेऊन ती उभी. "तू म्हणाली होतीस, ऱ्हाइनवर अजून होडी चालते. दाखव."

शहराच्या टोकाला एक छोटी फेरीबोट आहे. सायकलवाल्यांना आणि फिरायला निघालेल्या म्हाताऱ्या जोडप्यांना या काठावरून त्या काठावर नेते. आम्ही बसने तिथपर्यंत गेलो आणि बोटीत बसलो. बोटवाला गडी ऐन दुपारी सुकाणूशी उभा राहून डब्यातला ब्रेड खात होता. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. पलीकडे उतरलो तेव्हा तिने मला आयुष्यातला पहिला बिनकामाचा प्रश्न विचारला.

"त्या नावाड्याचा डबा कोण भरत असेल?"

"कुठल्या?"

"उताऱ्यातल्या."

आम्ही काठावरच्या बाकावर बसलो, आणि ती बोलू लागली. इंग्रजीत, नदीकडे बघत, न थांबता. पलीकडे कुणी आलं नव्हतं, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही. पण तो रोज जायचा. नेहमीच्या वेळी, कामाचे कपडे घालून. डबा त्याची बायको भरायची. पूल झालाय हे तिला ठाऊक होतं, सगळ्या गावालाच ठाऊक होतं, पण ती डबा भरायची आणि दारापर्यंत जायची. तो दिवसभर काठावर बसून लोकांचे पत्त्यांचे डाव बघायचा. संध्याकाळी घरी आला की साबण लावून खूप वेळ हात धुवायचा. हात स्वच्छच असायचे. त्याची मुलगी टॉवेल घेऊन उभी राहायची.

काळ चुकले, मधे एकदा नावाड्याची बाई झाली, पण मी टोकलं नाही. मला चूक काढायचं भानच नव्हतं.

"त्याला ठाऊक होतं का," मी विचारलं, "की घरच्यांना सगळं ठाऊक आहे?"

तिने थर्मास उघडला. मग झाकणात माझ्यासाठी पाणी ओतत म्हणाली, "ते विचारलेलं नाही."

मी हसले. तीही हसली. आमची गट्टी पुन्हा जमली या आनंदात मी पुढे काही विचारलं नाही, आणि माझ्या बाबतीत हे नवलच म्हणायचं. हे सुचलं कसं, याचं मात्र मला घरी येईपर्यंत कुतूहल वाटत राहिलं.

त्यानंतर ती बोलू लागली. एका उताऱ्यातल्या मधमाश्या पाळणाऱ्या बाईला तिने मुलाकडे शहरात पाठवलं आणि गॅलरीत मिरच्या लावायला लावल्या. दुसऱ्या उताऱ्यातल्या दीपगृहाच्या माणसाला बायको शोधून दिली. एकदा तर इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर स्वयंपाकघराचा दिवा बदलायला आला, तर त्यालाही तिने धरून एक गोष्ट ऐकवली. तो बापडा शिडीवरून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिला. इंग्रजी त्याला येत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी पोहे करून ठेवले आणि उगाचच खिडकीशी येरझाऱ्या घातल्या. ती आली ती थेट स्वयंपाकघरात, कोट न काढता.

"बोलायचं काय आलं?"

"तुमच्या गावात बदललेल्या एखाद्या कामाबद्दल सांगा."

"अगं मग नावाडी! सांगितलास ना?"

"नाही. आमच्या गावात नदीला आधीपासून पूल आहे." तिने थर्मास टेबलावर ठेवला. "आमच्या गावात सायकलींचा कारखाना होता. मी लहान असताना बंद पडला. माझे बाबा रोज सकाळी निळा गणवेश घालून निघायचे. आई डबा भरायची. ते नदीकाठच्या बागेत जाऊन बसायचे. संध्याकाळी येऊन हात धुवायचे, ग्रीस लागल्यासारखे. मी टॉवेल द्यायचे. पुढे त्यांना एका गोदामावर पहारेकऱ्याचं काम मिळालं तेव्हा ते थांबलं. परीक्षक बाईंनी वेळ संपली म्हणून सांगितलं, पण पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, पुढे?"

इतके महिने एका टेबलाशी बसलो. कागदावरच्या प्रत्येक माणसाची मी चौकशी केली होती.

"तू मला कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"तू नावाड्याचं विचारलंस," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. तिने पोह्यांची ताटली पुढे ओढली आणि लिंबू कुठे आहे ते विचारलं.

निकाल सेमिस्टरच्या अगदी शेवटी लागला. उताऱ्यांमध्ये तिचे गुण पूर्वीपेक्षा थोडे घसरले होते. हल्ली ती उतारे पुरते वाचायची आणि वेळ अपुरा पडायचा. पण बोलण्यात ती सहज निघाली आणि एकूण गुण अटीच्या वर गेले. आम्ही स्वयंपाकघरात इतका धिंगाणा केला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर ठोकलं.

मग तिने फोनकार्ड खरवडलं आणि घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली असणार. मी समोर बसून ऐकत होते. शब्द एक कळत नव्हता, पण आई आहे की बाबा, ते तिच्या आवाजावरून समजत होतं. आधी आई होती, भराभर आणि मोठमोठ्याने. मग बाबा आले आणि ती हळू बोलू लागली. तिने फोन ठेवला तेव्हा मी नेहमीप्रमाणे तुटून पडले.

"काय म्हणाले बाबा?"

"परीक्षेत काय आलं होतं ते विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, एक नावाडी होता. पूल झाला तरी रोज डबा घेऊन नदीवर जायचा." ती उठून किटलीत पाणी भरू लागली. "बाबांनी विचारलं, त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं का?"

"मग तू काय सांगितलंस?"

तिने किटलीचं बटण दाबलं आणि पाणी उकळेपर्यंत तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"मी म्हटलं, ते उताऱ्यात दिलेलं नव्हतं."